१९८१ : बारा घसे आणि पाच मास्क

माझ्या आजोबांबद्दल आमच्या घरात एक वाक्य ठरून गेलंय. "पुण्यवान माणूस. झोपेत गेले." १९८७ साली, कराडजवळच्या आमच्या गावात, वयाच्या ५३व्या वर्षी ते रात्री जेवून ओसरीवर आडवे झाले आणि सकाळी उठलेच नाहीत. त्यांच्या घोरण्याचे किस्से मात्र अजून सांगितले जातात. आजी म्हणायची, घोरण्याची तिला सवय झाली होती. जाग यायची ती आवाज मधेच बंद पडला की. मग थोड्या वेळाने पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा एक मोठा श्वास यायचा आणि गाडी पुन्हा सुरू व्हायची.

गेल्या फेब्रुवारीत माझ्या रूममेटने मला माझंच एक रेकॉर्डिंग ऐकवलं. घोरणं, मग शांतता, मग तो पाण्यातून वर आल्यासारखा श्वास. शांतता मी मोजली. २६ सेकंद.

मी २८ वर्षांचा आहे, पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, जाड नाही. दुपारच्या मीटिंगमध्ये डुलक्या येतात त्याचं खापर मी कँटीनच्या भातावर फोडत होतो. स्लीप स्टडी केली. डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून एक रात्र झोपलो. रिपोर्टमध्ये एक आकडा आला : एएचआय ३४. म्हणजे झोपेच्या दर तासाला सरासरी ३४ वेळा माझा श्वास थांबतो किंवा अडखळतो. सात तासांची झोप धरली तर रात्रीत २३८ वेळा. पाचच्या आत असेल तर नॉर्मल, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र.

रिपोर्ट घेऊन दोन डॉक्टरांकडे गेलो. छातीचे डॉक्टर म्हणाले, रोज रात्री मास्क लावून झोपा, मशीन घ्या. कान-नाक-घशाचे डॉक्टर तोंडात बॅटरी मारून म्हणाले, टॉन्सिल केवढे आहेत बघा, काढून टाकू, टाळूही नीट करू. आई म्हणाली, "एकदाचं काप आणि मोकळा हो. मशीन लावून झोपणाऱ्याला मुलगी कोण देणार?"

जुन्या कोडला हात लावायच्या आधी तो कोणी, कधी आणि कशासाठी लिहिला ते बघायचं, ही आमच्या धंद्यातली सवय. म्हणून घशाला हात लावू देण्याआधी मी या ऑपरेशनचा इतिहास वाचायला बसलो.

पत्ते हातात, डोळे मिटलेले

गोष्ट एका कादंबरीपासून सुरू होते. चार्ल्स डिकन्सची 'पिकविक पेपर्स' १८३६-३७ मध्ये हप्त्याहप्त्याने छापली गेली. तिच्यात जो नावाचा एक लठ्ठ नोकर-पोरगा आहे. तो उभ्या उभ्या झोपतो, दार ठोठावता ठोठावता झोपतो, आणि घोरतो. वाचक हसले. पुढची शंभरेक वर्षं दिवसा पेंगणाऱ्या लठ्ठ माणसाकडे बघून लोक हसतच राहिले.

१९५६ मध्ये अमेरिकेत सिडनी बरवेल आणि सहकाऱ्यांनी एका ५१ वर्षांच्या व्यावसायिकाची केस छापली. हा गृहस्थ पोकर खेळत होता. हातात तीन एक्के आणि दोन राजे आले. तीन पत्ती खेळणाऱ्यालाही कळेल की हे पान सोडायचं नसतं. पण डाव लावायच्या आधीच त्याला झोप लागली. झोपेपायी आपलं नुकसान होतंय हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं आणि तो हॉस्पिटलमध्ये भरती झाला. बरवेल यांनी डिकन्सच्या कादंबरीवरून या आजाराला 'पिकविकियन सिंड्रोम' म्हटलं. कारण मात्र त्यांनी दुसरंच धरलं : लठ्ठपणामुळे श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, म्हणून झोप येते.

माणूस दिवसा झोपतो म्हणून डॉक्टर त्याला दिवसा तपासत होते. रात्री काय होतं ते कोणी पाहिलंच नव्हतं. १९६५ मध्ये ते पाहिलं गेलं, आणि तेही एकाच वर्षी दोन ठिकाणी. फ्रान्समध्ये गास्तो आणि त्यांचे सहकारी, जर्मनीत युंग आणि कुलो यांनी अशा रुग्णांची रात्रभराची झोप आणि श्वास एकत्र नोंदवला. श्वास पुन्हा पुन्हा थांबत होता. दर वेळी मेंदू क्षणभर जागा होत होता आणि मगच श्वास सुरू होत होता. सकाळी माणसाला यातलं काहीच आठवत नव्हतं. दिवसाची झोप ही रात्रीच्या उसन्या झोपेची परतफेड होती.

अडतं कुठे, हे कागदी स्ट्रॉने ताक प्यायलेल्या कोणालाही सांगता येईल. कोरडी स्ट्रॉ ताठ असते. भिजून मऊ झाली की जोरात ओढताच चपटी होते, आणि आणखी जोरात ओढलं तर आणखी चपटी. नाकाच्या मागून स्वरयंत्रापर्यंतचा आपला घसा असाच आहे. त्याला हाडाचा आधार नाही, स्नायू त्याला उघडा ठेवतात. झोपेत हे स्नायू सैल पडतात. नळी मुळातच अरुंद असेल – मोठे टॉन्सिल, लांब पडजीभ, मागे सरकलेला जबडा, गळ्यातली चरबी – तर श्वास आत ओढतानाच ती मिटते.

गळ्याला भोक

रस्ता वर बंद असेल तर खालून नवा काढायचा. १९६९ मध्ये कुलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच केलं. पिकविकियन म्हणून ओळखल्या गेलेल्या रुग्णाच्या गळ्याला, स्वरयंत्राच्या खाली, भोक पाडून श्वासनलिकेत कायमची नळी बसवली. ट्रॅकिओस्टॉमी. दिवसा भोक बुचाने बंद करायचं म्हणजे बोलता येतं, रात्री उघडायचं म्हणजे श्वास घेता येतो.

उपाय बिनचूक होता. जिथे अडथळा होता तो भागच वगळला गेला. वर्षानुवर्षं पेंगणारी माणसं जागी झाली, चढलेलं ब्लडप्रेशर उतरलं. १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या गीयमिनो, टिल्कियन आणि डिमेंट यांनी 'स्लीप अॅप्निया सिंड्रोम' हे नाव रूढ केलं. किमान दहा सेकंद श्वास थांबला तर तो एक अॅप्निया, अशी मोजणीही बसली. पण आजाराला नाव मिळालं तरी हमखास उपाय एकच होता, गळ्याला भोक.

मी स्वतःला त्या काळात ठेवून बघितलं. २८ वर्षांचा, लग्न व्हायचंय. कफ साफ करत राहायचा, जंतुसंसर्गाची भीती, विहिरीत उडी कायमची बंद. कॉलर वर करून ऑफिसला जायचं. 'झोप येते' या तक्रारीवर मी हे स्वीकारलं असतं का? अनेकांनी स्वीकारलं नाही, आणि नकार देणारी ती माणसं मूर्ख नव्हती. पुढचा सगळा इतिहास त्यांच्या नकारातून घडला आहे.

एकाच वर्षी दोन उत्तरं

१९८१ मध्ये दोन शोधनिबंध आले.

पहिला अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमधला. लेखक शिरो फुजिता आणि सहकारी. जपानमध्ये इकेमात्सू यांनी १९६४ मध्येच घोरण्यासाठी टाळूच्या शस्त्रक्रियेचं काम प्रसिद्ध केलं होतं. फुजितांनी ती कल्पना अॅप्नियासाठी वापरली. टॉन्सिल काढायचे, पडजीभ आणि मऊ टाळूची जास्तीची कड कापायची, उरलेलं ताणून शिवायचं. आवाज, गळा, कॉलर सगळं जागच्या जागी. १२ रुग्ण. ऑपरेशनचं नाव एवढं लांब की सगळे त्याला यूपीपीपी म्हणतात.

दुसरा सिडनीचा. कॉलिन सलिवन आणि सहकाऱ्यांनी एप्रिल १९८१ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापला. त्याची सुरुवात जून १९८० मध्ये झाली. एका रुग्णाला अॅप्निया इतका तीव्र होता की ट्रॅकिओस्टॉमी करा असा सल्ला मिळाला होता. तो नको म्हणाला, पण प्रयोगात भाग घ्यायला तयार झाला. सलिवन यांनी व्हॅक्यूम क्लीनरसारख्या मोटरचा ब्लोअर घेतला, नळी जोडली, नाकावर मास्क चिकटवला आणि घशात हलक्या दाबाची हवा सोडली. स्ट्रॉ आतून फुगवून ठेवायची, एवढीच युक्ती. श्वास थांबायचा थांबला. निबंधात पाच रुग्ण आहेत. लागलेला दाब होता साडेचार ते दहा सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका. यालाच आज सीपॅप म्हणतात.

एकीकडे बारा घसे, दुसरीकडे पाच मास्क. ४० वर्षांनंतर माझ्या दोन डॉक्टरांनी दिलेले दोन सल्ले तिथूनच निघाले होते. त्या वेळी शहाण्या माणसाने कशावर पैज लावली असती? माझ्या मते ऑपरेशनवर. दोन आठवडे घसा दुखेल, मग आयुष्यभर मोकळा. रोज रात्री तोंडावर ब्लोअर बांधून कोण झोपेल?

१९८० च्या दशकात यूपीपीपी सर्वत्र पसरलं. १९९० मध्ये फ्रान्सच्या कामामी यांनी लेझरने टाळू कापायची पद्धत मांडली. गावाला आजोबा १९८७ मध्ये गेले, तेव्हा या दोन्ही उत्तरांना सहा वर्षं झाली होती. त्यांना अॅप्निया होता, त्यानेच ते गेले, असं मी म्हणू शकत नाही. कोणी तपासलंच नव्हतं. आमच्याकडे घोरणं म्हणजे गाढ झोप, आणि गाढ झोप म्हणजे कष्टाळू माणूस.

पास होण्याचे मार्क

१९९६ मध्ये शेर आणि सहकाऱ्यांनी तोवर छापलेले यूपीपीपीचे निकाल एकत्र केले. यशाचं प्रमाण निघालं सुमारे ४१ टक्के. म्हणजे दहातल्या सहा जणांचा टाळू कापून पुरेसा फायदा झाला नव्हता. काहींना गिळताना पातळ पदार्थ नाकात यायचे, काहींना घशात काहीतरी अडकल्याची भावना उरली.

पण मी अडकलो तो 'यश' या शब्दावर. या क्षेत्रात शस्त्रक्रियेच्या यशाची रूढ व्याख्या अशी आहे : एएचआय निम्म्याने कमी व्हावा आणि २० च्या खाली यावा. म्हणजे ६० चा १९ झाला तर ऑपरेशन यशस्वी. पण १९ हा मध्यम अॅप्निया आहे. तोच आकडा घेऊन नवा रुग्ण त्याच डॉक्टरांकडे गेला तर त्याला उपचार सांगतील.

जबड्याच्या ऑपरेशनमध्ये हा फरक आणखी स्वच्छ दिसतो. वरचा आणि खालचा जबडा कापून पुढे सरकवायचा, म्हणजे जीभ आणि टाळू दोन्ही पुढे येतात. स्टॅनफर्डच्या रायली आणि पॉवेल यांनी ही शस्त्रक्रिया अॅप्नियासाठी रुळवली. २०१० मध्ये होल्टी आणि गीयमिनो यांनी तिच्या ६२७ रुग्णांचे निकाल एकत्र केले. यश ८६ टक्के. आणि एएचआय खरोखर पाचच्या आत, म्हणजे बरा झालेला माणूस? ४३ टक्के. ऑपरेशन तेच, व्याख्या बदलली की आकडा निम्मा.

टेस्ट पास होत नाही म्हणून कोड सुधारायचं सोडून टेस्टच सैल केली, तर आमच्या टीममध्ये त्यावर बोलणी बसतात. मी मास्कच्या बाजूने जवळजवळ वळलो होतो. मग मास्कची टेस्ट बघितली.

मास्क लावलेला असताना एएचआय बहुतेकांचा अगदी खाली येतो, यात वाद नाही. प्रश्न तो लावतात का, हा आहे. १९९३ मध्ये क्रिब्स आणि सहकाऱ्यांनी ३५ रुग्णांच्या मशीनमध्ये त्यांच्या नकळत मोजणी ठेवली. किमान ७० टक्के दिवस किमान चार तास, हा नियमित वापराचा निकष. ३५ पैकी १६ जणच त्यात बसले, म्हणजे ४६ टक्के. आणि लोक सांगत होते त्यापेक्षा वापर कमी होता. पुढे हाच 'चार तास' जगभर पास होण्याचा आकडा झाला. सात तास झोपणारा माणूस चार तास मास्क लावतो, उरलेले तीन तास त्याचा घसा मिटतच असतो, आणि कागदावर त्याचा उपचार नियमित असतो. आपल्या ३५ मार्कांसारखं : पास झालो, पण विषय आला का?

२०१६ मध्ये भारतासह सात देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले, मध्यम ते तीव्र अॅप्नियाचे २,७१७ जण त्यात होते. सीपॅप दिलेल्या गटात पुढचे हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. दिवसाची झोप आणि मूड मात्र सुधारला. सरासरी वापर होता रात्री ३.३ तास.

थोडक्यात, ऑपरेशनवाले आकडा निम्मा झाला की खूश आणि मास्कवाले रात्र निम्मी झाली की खूश.

कोणाचा घसा

गेल्या २०-२५ वर्षांत बरंच काही सुधारलं, कारण प्रश्न बदलला. 'ऑपरेशन चालतं का' याऐवजी 'कोणाला चालतं' असं डॉक्टर विचारू लागले. १९९१ मध्ये लंडनमध्ये क्रॉफ्ट आणि प्रिंगल यांनी औषधाने झोप आणून, नाकातून दुर्बीण घालून, घसा नेमका कुठे मिटतो ते पाहायची पद्धत मांडली. २००२ मध्ये फ्रीडमन यांनी यूपीपीपी झालेल्या रुग्णांची तीन गटांत विभागणी केली. निकष साधे होते : टॉन्सिल किती मोठे, तोंड उघडल्यावर टाळू किती दिसतो, वजन किती. मोठे टॉन्सिल आणि मोकळा दिसणारा टाळू असलेल्या पहिल्या गटात यश सुमारे ८० टक्के, मधल्या गटात ३८, शेवटच्या गटात ८. आधीचा ४१ टक्के हा आकडा या सगळ्यांना एका पातेल्यात ढवळून आलेला होता.

ऑपरेशनही बदललं. कापण्यापेक्षा स्नायू बाजूला ओढून शिवण्यावर भर आला. पँग आणि वुडसन यांची २००७ मधली पद्धत त्यातलीच. स्वीडनमध्ये २०१३ मध्ये निवडक ६५ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून तुलना झाली. अर्ध्यांचं ऑपरेशन लगेच, बाकीचे थांबलेले. ऑपरेशनवाल्यांचा एएचआय सरासरी ६० टक्क्यांनी उतरला, थांबलेल्यांचा ११. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात, मास्क न जमलेल्या १०२ जणांमध्ये, टाळू आणि जीभ दोन्हींवर ऑपरेशन झालेल्यांचा एएचआय सहा महिन्यांत ४७.९ वरून २०.८ वर आला. उतार मोठा आहे, पण २०.८ म्हणजे बरं होणं नव्हे.

२०१४ मध्ये अमेरिकेत तिसराच रस्ता मंजूर झाला. छातीत पेसमेकरसारखं यंत्र बसवून, जिभेच्या मज्जातंतूला झोपेत हलका झटका द्यायचा, म्हणजे जीभ पुढे सरकते. १२६ जणांच्या अभ्यासात मध्यम एएचआय वर्षभरात २९.३ वरून ९ वर आला. माझ्या खिशाला आणि माझ्या घशाला तो रस्ता लागू नव्हता.

आधी लिहून ठेवलेलं

मी आधी मशीन घेतलं. ९० रात्री वापरलं. लावलेलं असताना एएचआय ३. पहिल्या आठवड्यातच दुपारी तीन वाजता जागा असणं म्हणजे काय असतं ते मला वयाच्या २८व्या वर्षी कळलं. पण लॉग काढला तर ९० पैकी ६१ रात्रीच चार तासांच्या वर होत्या. ६८ टक्के. दोन टक्क्यांनी नापास. पहाटे कधीतरी मी झोपेतच मास्क काढून फेकतो, आणि उरलेली रात्र आजोबांसारखी जाते.

मग दुर्बीण घालून तपासणी केली. माझा घसा टाळू आणि टॉन्सिलपाशी मिटतो, जीभ जागेवर राहते. फ्रीडमनच्या हिशेबात पहिला गट. सर्जन म्हणाले, "तुमच्यासाठी चांगलं ऑपरेशन आहे." मी विचारलं, "चांगलं म्हणजे एएचआय किती?" ते हसले आणि म्हणाले, "हा प्रश्न लोक ऑपरेशन झाल्यावर विचारतात."

मी ऑपरेशन करतोय. पण फोनमध्ये एक नोट आधीच लिहून ठेवली आहे, रूममेटला आणि सर्जनना पाठवली आहे, म्हणजे मला नंतर ती बदलता येणार नाही. सहा महिन्यांनी मास्कशिवाय पूर्ण स्लीप स्टडी. एएचआय दहाच्या आत आला तर यश. १५ च्या वर राहिला तर 'निम्मा तर झाला ना' असं म्हणायचं नाही, मुकाट्याने मास्क लावायचा. मधे अडकला तर ऑक्सिजन आणि दुपारची झोप बघून ठरवायचं. वजन वाढलं किंवा काही वर्षं गेली की पुन्हा टेस्ट, कारण घसा पुन्हा सैल पडू शकतो. अॅप्निया असलेल्याला भुलेचा धोका जास्त असतो, म्हणून ऑपरेशनच्या रात्री मशीन सोबत न्यायचं. आणि तोवर मशीन विकायचं नाही.

हे शेवटचं आईला पटलं नाही. फोनवर म्हणाली, "ऑपरेशन झाल्यावर ते धूळ खात कशाला ठेवायचं? बाबांना लावून बघते."

"असं कोणालाही लावायचं नसतं गं. दाब प्रत्येकाचा वेगळा असतो. आणि बाबांना कशाला?"

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, रात्री त्यांचा आवाज बंद पडला की मला जाग येते."

बाबांची स्लीप स्टडी येत्या शनिवारी आहे. माझ्या ऑपरेशनची तारीख मी त्यानंतरची घेतली.